जागा बधिर, पेशंट बोलता

ऑपरेशन टेबलावरच्या माणसाशी मी सतत बोलत असते. गाव कुठलं, मुलं काय करतात, यंदा सोयाबीनला भाव बरा मिळाला का, काहीही. बहुतेकांना वाटतं, डॉक्टरीणबाई भीती घालवायला बोलतायत. तेही खरंच आहे. पण माझं लक्ष उत्तरापेक्षा जिभेकडे जास्त असतं. हाताची किंवा पायाची तेवढीच जागा बधिर करून शस्त्रक्रिया चाललेली असताना औषध रक्तात प्रमाणाबाहेर गेलं, तर मॉनिटरवर काही दिसण्याआधी ते बरेचदा बोलण्यात उमटतं. शब्द जड होतात, चांगलं बोलणारा माणूस मध्येच असंबद्ध काहीतरी बोलतो किंवा एकदम गप्प होतो. तो क्षण मला गाठायचा असतो.

या सदरात मी बहुधा पूर्ण भुलेबद्दल लिहिते, कारण लोकांना भीती तिची वाटते. जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनची भीती फक्त सुई टोचेपर्यंत. दाढ काढायची, गळू फोडायचं, बोटाला टाके घालायचे, चामखीळ काढायची. ‘जरासं इंजेक्शन देतो’ म्हणतात आणि आपण तोंड नाहीतर हात पुढे करतो. हे इंजेक्शन खरोखरच सुरक्षित आहे, हे आधीच सांगते. रोज असंख्य लोकांना ते दिलं जातं आणि काही होत नाही. पण ते देताना शेजारी भूलतज्ज्ञ नसतो, बऱ्याच ठिकाणी मॉनिटरही नसतो. तिथे स्वतःवर लक्ष ठेवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे पेशंट. आणि तोच गप्प बसतो. ‘डॉक्टर कामात आहेत, मध्येच कसं बोलायचं?’ या एका संकोचाशी माझं भांडण आहे.

औषध काय करतं ते आधी पाहू. आपल्याकडे सर्वात जास्त वापरलं जातं ते लिग्नोकेन. निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या दोघांनी ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार केलं, आणि १९४८ पासून ‘झायलोकेन’ या नावाने ते बाजारात आलं. त्याआधी, १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला होता, तिथून या शास्त्राची सुरुवात झाली. कोकेनच्या मानाने लिग्नोकेन फारच गुणी. मज्जातंतूंमध्ये सोडियम आत जाण्याची जी दारं असतात ती हे औषध काही काळ बंद ठेवतं, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. मात्र तशीच दारं मेंदूत आणि हृदयातही असतात. औषध टोचल्या जागी राहिलं तर फक्त ती जागा बधिर होते. नकळत रक्तवाहिनीत गेलं, किंवा एकूण मात्राच जास्त झाली, तर ते मेंदूवर आणि पुढे हृदयावर परिणाम करू लागतं.

याच्या खुणा साध्या आहेत. ओठांभोवती, जिभेला मुंग्या येतात. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. कानात गुंईऽऽ आवाज येतो, गरगरतं, विनाकारण अस्वस्थ वाटतं. त्यानंतर चेहऱ्याचे, हाताचे स्नायू फडफडतात, झटके येऊ शकतात, आणि सर्वात वाईट म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात. नेहमी याच क्रमाने होतं असं नाही, पण सुरुवातीच्या या खुणा पेशंटलाच कळतात, बाहेरून कुणाला दिसत नाहीत. म्हणून त्या जाणवताच सांगायचं, ‘बरं वाटत नाहीये, थांबा.’ दाताच्या खुर्चीत तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नाही, (तिथे ओठ-जीभ तर औषधामुळे एका बाजूला बधिर होतातच) म्हणून आधीच ठरवून घ्यावं: मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं. कुठलाही चांगला दंतवैद्य याला आनंदाने हो म्हणेल. शिवाय सुई काढल्यावर लगेच ‘झालं सगळं’ असं धरू नये. औषध सावकाश रक्तात भिनतं, त्रास अर्ध्या तासानेही सुरू होऊ शकतो. जास्त औषध टोचलेलं असेल तर बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसूनच रिक्षा पकडावी.

आता मात्रेबद्दल, कारण इथे थोडा हिशेब पेशंटलाही यायला हवा. ट्रेमध्ये लिग्नोकेनची जी काचेची बाटली दिसते ती पुष्कळदा ३० मिलिलिटरची असते आणि लेबलवर २ टक्के लिहिलेलं असतं. २ टक्के म्हणजे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणजे भरलेल्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला साधं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोमागे फार तर ४.५ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० च्या आत, ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर किलोमागे ७ आणि एकूण ५०० च्या आत, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. काही देशांत ती याहून कमी धरतात. आपल्याकडच्या ४५ किलोच्या बाईला ही साध्या औषधाची मर्यादा जेमतेम १० मिलिलिटरला संपते, म्हणजे बाटलीच्या एक तृतीयांशाला. पंधरा किलोच्या मुलाला तर साडेतीन मिलिलिटरही जास्त. म्हातारपण, यकृताचा आजार, हृदयाची कमजोरी असेल तर मात्रा आणखी खाली आणावी लागते. एक दाढ काढायला दोन-तीन मिलिलिटर पुरतात, तिथे काळजीचं कारण नाही. पण एकाच बैठकीत तोंडाच्या चारही कोपऱ्यांतलं काम उरकायचं ठरलं, किंवा मोठी जखम शिवायची असली, तर ‘माझं वजन इतकं आहे’ हे आपण होऊन सांगावं. इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकाने आधी वजन विचारावं असं मला वाटतं, आणि ते विचारलं जात नाही ही गोष्ट मला मनापासून खटकते.

केस लावून घेणाऱ्यांना तर हे दोनदा सांगायला हवं. तिथे डोक्याच्या मोठ्या भागावर तासन्‌तास पुन्हा पुन्हा टोचलं जातं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली या कामासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेत बसून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी विचारा: इंजेक्शन कोण देणार, त्यांची पदवी काय, ऑक्सिजन आहे का, आणि काही झालं तर इथे २० टक्के लिपिड इमल्शन ठेवलंय का? हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा दचकला तरी हरकत नाही. सोयाबीनच्या तेलापासून केलेलं हे पांढरंशुभ्र सलाइन मुळात पोषणासाठी. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग या अमेरिकी भूलतज्ज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की बधिर करणाऱ्या औषधाने बंद पडू लागलेलं हृदय त्याने सावरतं. २००६ मध्ये या इमल्शनने पहिला माणूस वाचल्याची नोंद झाली. आज ते या विषबाधेवरच्या उपचाराचा ठरलेला भाग आहे.

आता ॲलर्जी. या शब्दाने माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची बरीच वर्षं खाल्ली. दाढ काढायची म्हणून त्या भूलतज्ज्ञाकडे, म्हणजे माझ्याकडे आल्या, ‘मला पूर्ण भूल देऊन काढा’ म्हणाल्या. फाइलवर लाल शाईत लिहिलेलं: लोकल भुलेची ॲलर्जी. काय झालं होतं ते मी खोदून खोदून विचारलं. संकष्टीचा उपास, सकाळपासून फक्त चहा, दवाखान्यात दीड तास ताटकळणं, मग खुर्चीत ताठ बसवून इंजेक्शन. सुई आत जाताच डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला, मळमळलं. आडवं केल्यावर पाच-सात मिनिटांत बाई शुद्धीवर. अंगावर गांधी? नाही. ओठ-पापण्या सुजल्या? नाही. दम लागला? नाही. ही चक्कर होती. भीती, उपाशी पोट आणि ताठ बसणं, या तिन्हींची. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडं थोडं औषध देऊन पाहिलं, काही झालं नाही. दाढ खुर्चीतच निघाली.

लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच क्वचित आढळते. ‘रिॲक्शन आली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी चक्कर असतात, नाहीतर ॲड्रेनलिनची धडधड. औषध त्याच जागी जास्त वेळ टिकावं आणि रक्त कमी यावं म्हणून त्यात ॲड्रेनलिन मिसळतात. त्याने काही मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात, मग शांत होतं. कधी कधी दोष बाटलीतलं औषध टिकावं म्हणून घातलेल्या पदार्थाचा असतो. म्हणून पुढच्या वेळी नुसतं ‘मला ॲलर्जी आहे’ म्हणू नका. काय झालं, किती मिनिटांनी, किती वेळ राहिलं, ते सांगा. आणि ‘टेस्ट डोस दिलाय’ एवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. पूर्वी काही त्रास न झालेल्या माणसाच्या हातावर ती एक फुगी उठवून पाहिल्याने फारसं काही कळत नाही. जास्त मात्रेचा धोका त्यातून कळत नाहीच. ज्याला खरोखर शंका आहे त्याने ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जायला हवं.

फक्त जागा बधिर करायची असेल तर साधारणपणे खाऊन जावं. भाकरी-भाजी, पोहे, काहीही हलकं. मधुमेहाच्या माणसाने तर इंजेक्शनच्या भीतीने उपाशी राहून इन्सुलिन टोचून घेणं म्हणजे संकटच. पाठीत भूल किंवा झोपेचं औषध द्यायचं असेल तर मात्र उपाशी राहावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारावं. हृदयात स्टेंट असलेले लोक रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करून दाढ काढायला येतात. असं करू नका. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, बंद करायच्या की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ॲड्रेनलिनच्या दृष्टीने ते कळणं गरजेचं असतं. दिवस गेले असतील तरी सांगायचं. लिग्नोकेन त्यात देता येतं, पण माहीत असायला हवं. आणि ही माहिती पेशंटने स्वतः द्यावी. नवरा दारात उभा राहून ‘हिला काही नाही, तब्येत ठणठणीत’ म्हणतो, आणि बाई बीपीची गोळी घेते हे त्याला माहीतच नसतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पू झालेल्या दाढेत इंजेक्शन नीट लागत नाही. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यात औषधाला मज्जातंतूच्या आत शिरता येत नाही. अशा वेळी तिथेच पुन्हा पुन्हा टोचण्यापेक्षा पू मोकळा करणं किंवा सुजेपासून दूर, मज्जातंतूच्या मुळाशी औषध देणं बरं. दुखत असेल तर सांगा. दात-ओठ आवळून सोसण्यात कसलीही बहादुरी नाही.

जास्त मात्रेचा धोका बधिर करणाऱ्या क्रीममध्येही असतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, कारण लेसरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं क्रीम भरपूर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्याने दोन तरुणी दगावल्या होत्या. त्वचेतूनही हे औषध रक्तात जातं, आणि झाकल्याने, ऊब दिल्याने जास्त जातं. पार्लरमध्ये कुणी असं काही लावायला लागलं तर उठून या.

लहान मुलाच्या तोंडात इंजेक्शन दिलं असेल तर दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त, त्याच्यावर नजर ठेवा. बधिर ओठ त्याला गमतीचा वाटतो, तो चावत राहतो आणि संध्याकाळपर्यंत ओठ फोडून घेतो. मोठ्यांनी तेवढा वेळ गरम चहा आणि तंबाखू टाळावी. पाय बधिर असेल तर गाडीवर बसू नये.

निघताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: औषधाचं नाव, किती टक्के, ॲड्रेनलिन होतं की नव्हतं, किती मिलिलिटर दिलं, त्रास झाला का. शक्य असेल तर बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. त्याच वेळी बाटली कधी उघडली आणि सुई-सिरिंज नवी होती ना, हेही विचारून होतं.