जनरेटर आधी खोलीबाहेर काढा



आज बागेबद्दल लिहीत नाही. थंडीबद्दल थोडं आणि जनरेटरबद्दल बरंच लिहायचंय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपल्या निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कुठवर उतरतो ते तुम्हाला सांगायला नको. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीन-चारला उठून ड्रिप सोडायचं, बांधावर शेकोट्या पेटवायच्या. आणि नेमकी तेव्हाच लाईट नसते. थ्री फेजची पाळी कधी दिवसा, कधी रात्री, त्यात लाइनवर फॉल्ट निघाला की बसा बोंबलत. म्हणून आता वस्त्यावस्त्यांवर जनरेटर आलेत. त्याला माझी ना नाही, माझ्याकडेही आहे. माझं भांडण आहे ते आपण तो ठेवतो कुठं आणि जोडतो कसा यावरून.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या वस्तीवरून पहाटे फोन आला, लवकर या. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे. त्याचा जनरेटर खता-औषधाच्या खोलीत. चोरीला जातो म्हणून आत, आणि थंडी म्हणून शटर गुडघाभर उघडं ठेवून खाली ओढलेलं. सालदार तिथंच पोती अंथरून झोपलेला, इंजिनाची ऊब लागते म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा तो ओकाऱ्या काढत होता, डोकं धरून बसला होता, उभं केलं तर पाय लटपटत होते. एक म्हणाला थंडी बाधली. दुसरा म्हणाला पित्त. तिसऱ्यानं तर विचारलं, रात्री घेतली होती का रे? गडी माळकरी आहे.

कुणीतरी घरातून कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर आणला. बोटाला लावला तर 98. झालं, सगळे म्हणाले ऑक्सिजन तर बरोबर आहे, चहा पाजून झोपवा. त्या दिवशी त्याला झोपवला असता तर आज मी ही पोस्ट वेगळ्या शब्दांत लिहिली असती. इंजिन बंद करून, शटर वर करून त्याला उघड्यावर आणलं, गाडीत घातलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा दुपारपर्यंत माणूस बोलायला लागला.

हे काय होतं ते नीट समजून घ्या. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा. त्यामुळे 'धूर तर वाटत नाही' म्हणून खोली सुरक्षित ठरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आणि बोटावरच्या त्या साध्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून ते 98 दाखवत राहतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर पित्ताची गोळी शोधू नका. झोपेतल्या माणसाला तर हेही कळत नाही. गुंगीतून तो थेट बेशुद्धीत जातो.

"माझा डिझेलचा आहे, त्याला काही होत नाही." हे मला त्याच दिवशी पारावर ऐकवलं. डिझेल इंजिन पेट्रोल-रॉकेलच्या छोट्या जनरेटरपेक्षा हा वायू कमी सोडतं, खरंय. कमी सोडतं म्हणजे सोडत नाही असं होत नाही. बंद खोलीत रात्रभर कमी कमी साठून पुरेसं होतं. एक्झॉस्ट पंखा लावलाय, खिडकी उघडी आहे, यावरही विसंबू नका. इंजिन उघड्यावर, घरापासून आणि झोपायच्या जागेपासून किमान वीस फूट, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाका, भिंती घालू नका. चोरीची भीती असेल तर सिमेंटच्या ओट्यात कडी बसवा आणि साखळीनं बांधा. बैल आपण घरात झोपवतो का चोरीला जातो म्हणून?

आता जोडणी. इथं मरतो तो आपण नाही, दुसराच कुणी मरतो. म्हणूनच कदाचित आपल्याला फिकीर नाही.

दोन्ही तोंडांना पिन असलेली वायर किती घरांत आहे, खरं सांगा. एक पिन जनरेटरला, दुसरी घरातल्या सॉकेटला. 'मेन स्विच पाडतो की मी आधी.' रोज पाडत असाल. पहाटे तीनला, झोपेत, बाग गारठत असताना, पोरगं जोडत असताना एकदा विसरलं की तुमचा करंट सर्व्हिस वायरनं उलटा पोलवर जातो. तिथं लाइनमन फॉल्ट काढत असतो. पोलवर 230 व्होल्टही माणूस मारायला पुरतात. तेच डीपीपर्यंत पोचले तर डीपी उलटी चालते. अकरा हजाराचे 433 करणारी पेटी 433 चे पुन्हा अकरा हजार करते, तिला दिशा कळत नाही.

"एवढ्या लोडला जनरेटर टिकेल का? लगेच दबून बंद पडेल." हे म्हणणारे हुशार असतात, पण अर्धंच सांगतात. लाईट गेली की ऑटो नसलेल्या सगळ्या मोटारींचे स्टार्टर पडलेले असतात. लाइनमननं डीपीवरचे किटकॅट काढले असतील तर तुमच्या बाजूला उरतात दोन-चार घरं. तेवढ्याला जनरेटर आरामात टिकतो. "त्यानं लाइन तपासायला, अर्थिंग करायला नको का?" करायलाच हवी, आणि त्याला हातमोजे, डिस्चार्ज रॉड मिळायलाच हवेत. त्यासाठी भांडूच. पण त्याची काळजी म्हणजे आपल्या चुकीला परवाना नव्हे. तो चढलेला पोरगा बहुतेक आपल्याच आजूबाजूच्या गावचा, कंत्राटी, तुटपुंज्या पगाराचा असतो.

आणि लाईट अचानक आली तर? तुमचा जनरेटर आणि कंपनीचा सप्लाय समोरासमोर भिडतात. वायंडिंग जळतं, कधी आग लागते. तेव्हा मात्र आपल्याला विमा आठवतो.

याला एकच उपाय आहे, चेंजओव्हर स्विच. सिंगल फेजला टू पोल, थ्री फेजला फोर पोल, म्हणजे न्यूट्रलही तुटला पाहिजे. एका वेळी एकच सप्लाय, मधे बंद. विसरलात तरी चूक करायची सोयच नाही. एका फवारणीच्या खर्चात तो येतो. सोबत बॉडीला अर्थिंग. आणि ज्यांनी ईएलसीबी बसवून निर्धास्त झोप घेतलीय त्यांनी वायरमनला एक विचारा, जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलाय का? छोट्या जनरेटरला बऱ्याचदा तो जोडलेला नसतो, आणि मग ते यंत्र ट्रिपच होत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड 'शेतकरी अडाणी आहे, त्याला काय कळतं' या बोलण्याची येते. हाच माणूस जीएचं पीपीएम ग्रॅमच्या भागात मोजतो, फवारणीच्या पाण्याचा सामू तपासतो, निर्यातीसाठी शेवटच्या फवारणीनंतरचे दिवस बोटावर मोजतो. अडाणी नाही तो. माल नापास झाला तर पैसे जातात हे त्याला माहीत आहे, म्हणून तो तिथं चोख असतो. सालदाराचं किंवा लाइनमनचं गणित त्याच्या वहीत नसतं. माझ्याही वहीत परवापर्यंत नव्हतं. माझा जनरेटरही मागच्या वर्षी पॅकिंग शेडमध्येच होता.

सल्लागार आणि कृषी अधिकारी मंडळी हे वाचतात म्हणून त्यांनाही सांगतो. देठ परीक्षणाचा रिपोर्ट बघायला तुम्ही प्लॉटवर येता, शेडमध्ये बसून चहा घेता, शेजारी जनरेटर धडधडत असतो. कधी एक शब्द बोललात? आणि विकणारा दुकानदार बॅटरी फुकट देतो, छत्री देतो, चेंजओव्हरचं नाव काढत नाही. बिलात तो घालूनच द्या, असा आग्रह आपणच धरायला हवा.

ट्रॅक्टरवर अल्टरनेटर चालवणाऱ्यांसाठी दोन ओळी. पीटीओ 540 ला म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक, ओढणी, स्वेटरची बाही अडकली की ओढून काढायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं कव्हर काढून ठेवलं असेल तर आजच परत बसवा. पेट्रोलवाल्यांनी चालू किंवा तापलेल्या इंजिनात तेल ओतू नये, आणि शेकोटीच्या उजेडात तर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत शेकोटीपर्यंत जाते.

सालदाराला आज सकाळी भेटलो. डोकं अजून जड वाटतं म्हणतो. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय, कारण याचा त्रास काही आठवड्यांनी उलटूही शकतो. शेजाऱ्याचा जनरेटर अजून त्याच खोलीत आहे, 'बघू, थंडी संपल्यावर' म्हणतो. आम्ही चौघं आज संध्याकाळी पहारी आणि दोर घेऊन जातोय. वायरमनलाही सांगितलंय, चेंजओव्हर घेऊनच ये.