प्रश्नाला ‘तौबा’ म्हणू नका

“शाळेत मुलांना मजहब शिकवता की काय?” असे पालक आम्हा शिक्षकांना अधूनमधून विचारतात. त्यात काळजी असते, आणि ती अनाठायी नाही. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते दिले गेले, तरी तुमच्या संमतीवाचून तुमच्या मुलाला तिथे बसवता येत नाही. मात्र धर्म शिकवणे वेगळे आणि धर्मांविषयी शिकवणे वेगळे. हा फरक २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. नमाज शिकवणे हे घरचे आणि मकतबचे काम. माणसे नमाज का पढतात, उपवास का धरतात, हे समजावणे शाळेचे.

खरी कसोटी मुले प्रश्न विचारू लागली की लागते. नववीच्या एका मुलाने मूल्यशिक्षणाच्या तासाला विचारले, “अल्लाहला सगळं आधीच ठाऊक आहे, तर मी नापास झालो त्यात माझा काय कसूर?” वर्ग हसला. एका मुलीने लगेच पूर्वजन्मीच्या कर्माचा मुद्दा काढला. आम्हाला हसू आले नाही. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बसऱ्याचे विद्वान याच प्रश्नावर वाद घालत होते. मुअतझिला म्हणत, माणूस आपल्या कृतीचा कर्ता स्वतःच, नाहीतर अल्लाहचा इन्साफ कसा राहील? इमाम अशअरी आधी मुअतझिलांतलेच. ते पुढे म्हणाले, कृती अल्लाह निर्माण करतो, माणूस ती ‘कमावतो’. सगळ्या बाजू फळ्यावर मांडल्या, निकाल दिला नाही. तो देणे शाळेचे काम नव्हे.

एका आईला हे रुचले नाही. “अशाने पोरगा दीनपासून तुटेल,” त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना इमाम गझालींची गोष्ट सांगितली. तत्त्वज्ञांचे खंडन करण्याआधी त्यांनी तत्त्वज्ञांचीच मते एका वेगळ्या ग्रंथात इतकी नीट मांडली, की युरोपात तेवढाच ग्रंथ वाचणाऱ्यांनी गझालींनाच त्या पंथाचे समजून टाकले! त्यांनी प्रश्न दाबला नाही. आणि घरी ‘तौबा कर’ ऐकलेले मूल प्रश्न सोडत नाही, ते मोबाइलला विचारते.

शिक्षकांनीही एक पथ्य पाळावे. वर्गात एकच मुस्लिम मुलगी असेल, तर “तुमच्यात काय असतं, सांग बरं” म्हणून तिला उभे करू नये. ती विद्यार्थिनी आहे, साऱ्या कौमची वकील नव्हे. तिला आपणहून बोलायचे असेल तर गोष्ट वेगळी.

अकरावीला कला शाखेत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेता येतात. आपल्या घरांत मात्र ‘त्याने नोकरी मिळते का?’ एवढेच विचारून फॉर्म भरला जातो. यंदा फॉर्म भरण्यापूर्वी मुलीला एकदा विचारून तर पाहा.