कामाला लागताय? आधी कागद सांभाळा

संजय गांधी निराधार योजनेची यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, ती बहुतेक वेळा कुणीतरी टेबलावरच्या कागदावर मोबाइल धरून काढलेला फोटो असते. जरा वाकडा, कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचं टोक आलेलं. फोटो मोठा केला की सगळं वाचता येतं : नाव, गाव, आधार क्रमांक, बँकेचं खातं, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. 'यादी लागली, आपापलं नाव बघून घ्या' एवढंच त्याला सांगायचं असतं. पण त्याच ग्रुपात किराणा दुकानदार असतो, पतसंस्थेचा वसुलीवाला असतो, सोयरिकी जुळवणारे असतात, आणि ज्याच्याकडे आपण परवाच कामाला लागलो तो मालकही असतो.

दिव्यांग म्हणून सरकारी मदत मिळते आणि आता नोकरी-धंदा सुरू करायचाय, किंवा अपघातानंतर, आजारानंतर पुन्हा कामावर रुजू व्हायचंय, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. अशा माणसाच्या मनात दोन भीती असतात. पगाराचं कळलं तर पेन्शन बंद होईल ही एक. आजाराचं कळलं तर लोक काय म्हणतील ही दुसरी. या दोन्हींची गल्लत होते आणि मग माणूस नेमकं उलटं करतो. तहसीलपासून पगार लपवतो, आणि दवाखान्याची अख्खी फाइल मात्र सुपरवायझरपासून सायबर कॅफेवाल्यापर्यंत कुणाच्याही हातात देतो. माझं म्हणणं साधं आहे : ज्या कार्यालयाकडून पैसे घेता, त्याच्यापासून पगार लपवू नका, आणि ज्याला तुमच्या आजाराशी काही देणंघेणं नाही, त्याला आजार सांगू नका.

आधी पगाराचं बोलू. दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेत ऑक्टोबर २०२५पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये, आणि तेही एकट्याचं नव्हे, अख्ख्या घराचं. घरातल्या कुणीही कुठे अर्धवेळ काम धरलं तरी ही रेघ ओलांडली जाते. माझ्या मते ही मर्यादा आजच्या महागाईत टिकणारी नाही आणि ती वाढवून घेण्यासाठी भांडायलाच हवं. पण ती आहे तोवर लोक काय करतात? मालकाला सांगतात, 'माझं नाव मस्टरवर नको, पगार हातात द्या.' मालकाला तर हे हवंच असतं. मग भविष्य निर्वाह निधी (पीएफ) नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, उद्या काढून टाकलं तर नोकरी होती याचा पुरावा नाही. २,५०० रुपये वाचवताना पुढच्या वीस वर्षांचा आधार जातो.

शिवाय हे लपत नाही. पेन्शन आधार जोडलेल्या खात्यात येते, पीएफचं खातंही आधारला जोडलेलं असतं. आज ना उद्या दोन कागद एका टेबलावर येतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ९१वं कलम दिव्यांगांसाठी असलेला लाभ लबाडीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं म्हणतं. तेव्हा काम लागलं आणि घरचं उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं की तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या : नाव, योजना, कामाला लागल्याची तारीख, महिन्याचा पगार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या आणि ती जपून ठेवा. नोकरी सुटली आणि पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर तीच कामाला येते. त्या अर्जात आजाराची कहाणी लिहायची गरज नाही. ती फाइलमध्ये आहेच.

अमेरिकेत ही गाठ जरा वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. तिथल्या सोशल सिक्युरिटीचा दिव्यांग विमा मिळणारा माणूस कामावर परतला, तर साठ महिन्यांच्या कालखंडात नऊ महिने त्याला काम करून बघता येतं आणि तेवढे महिने लाभ पुरा चालू राहतो. नंतर कमाईमुळे लाभ बंद झाला आणि पाच वर्षांच्या आत त्याच दुखण्यापायी काम सुटलं, तर नव्याने सगळी वारी न करता तो पुन्हा सुरू करून घेता येतो. कामावर परतणाऱ्यांसाठी तिकडे १९९९मध्ये खास कायदा झाला. आणि १९७४च्या तिथल्या खासगीपणाच्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या खात्याने लोकांच्या नोंदींची नवी फाइल-व्यवस्था उभी केली, की ती आधी राजपत्रात जाहीर करावी लागते : कोणाची माहिती, कोणती, कशासाठी, पुढे कुणाला देणार. तिकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण आपल्या मागण्यांच्या यादीत या दोन गोष्टी असायला हव्यात : काम करून बघायची मुदत, आणि आपली फाइल कुठे कुठे फिरते याचा जाहीर हिशेब.

आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे उगाच घाबरलेले लोक फार. प्रेस मशीनवर बोट गेलं, ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं (ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के आहेत, पूर्ण तर्जनीला १४), आणि त्या प्रमाणात कायमच्या अपंगत्वाचा लाभ सुरू झाला. हा पैसा गेलेल्या क्षमतेचा आहे. पुन्हा कामाला लागलात म्हणून तो थांबत नाही. तरीही नवीन कंपनीत गेल्यावर 'पेन्शन चालू आहे हे कळलं तर बंद करतील' म्हणून बोट घरी कापलं असं सांगणारे कामगार असतात. लपवायचं कारणच नाही, आणि सांगायचंही नाही. नव्या मालकाचा त्या पैशाशी संबंध येत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्या, म्हणजे झालं.

आता लोकांना कळण्याची भीती. यादी जाहीर करणं मुळात चूक नाही, हे आधी कबूल करू. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम अनुदानाच्या योजना, त्यांतल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करावा असं सांगतं, आणि ते योग्यच आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जातात, सरपंचाचा धडधाकट मेहुणा निराधार ठरतो, हे यादी भिंतीवर लागल्याशिवाय गावाला कळणार कसं? नाव, गाव, योजना, रक्कम एवढं गावाला कळावं. आधार क्रमांक मात्र कुणाचाही जाहीर करता येत नाही; आधार कायद्याचं २९वं कलम ते स्पष्ट मना करतं. आणि आजाराचा रकाना भिंतीवर लावून कोणता भ्रष्टाचार पकडला जाणार आहे? दिव्यांगांसाठीच्या पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत मनोविकार आहेत, हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे. यांतलं पुष्कळसं बघून कळत नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे एखाद्या मुलीच्या नावापुढे 'सिकलसेल' छापून आलं, की तिच्या धाकट्या बहिणीचंही लग्न अडतं. मनोविकारातून सावरून कामावर गेलेल्या माणसाचं काही चुकलं, तर ती चूक राहत नाही, 'झटका' होतो.

म्हणून विनंती अशी. ग्रामसेवक, तलाठी, कोतवाल, ऑपरेटर या मंडळींनी यादी लावायच्या आधी आधार, खातं आणि आजाराचे रकाने काढून टाकावेत. एक्सेलमध्ये रकाना लपवायला दोन क्लिक लागतात. पण फाइलच पुढे पाठवायची असेल तर रकाना लपवू नका, पुसा, कारण लपवलेला कुणीही उघडू शकतो. आणि ग्रुप ॲडमिननी असा फोटो दिसला की सगळ्यांसाठी डिलीट करावा, पाठवणाऱ्याला न रागावता.

इथे एक गोष्ट खटकते ती सांगतो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३चा कायदा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने लागू होतोय. पण माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम त्याने बदललं, तो भाग मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये नियम येताच लागू झाला. आपल्या माहितीला कुलूप लागायचं आहे, कार्यालयांना ढाल आधी मिळाली. उद्या 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं म्हणून रकमांची यादीच नाकारली, तर गप्प बसू नका. व्यापक जनहितासाठी माहिती द्यावी, ही माहिती अधिकारातल्या कलम ८(२)ची तरतूद शिल्लक आहे. तिचा हवाला देऊन अपील करा.

नोकरीच्या ठिकाणी काय द्यायचं? कशासाठी मागतात ते आधी विचारा. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षणातून जाणार असाल तर दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) द्यावंच लागेल, आणि पडताळणीही होईल. खोट्या दाखल्यांची प्रकरणं निघाल्यावर ती कडक झाली आहे. खऱ्या दिव्यांगांनी तिला भ्यायचं कारण नाही, फक्त पडताळणी वैद्यकीय मंडळापुढे व्हावी, स्टाफरूममध्ये नव्हे. खासगी नोकरीत व्यवसाय कराची सूट हवी असेल तर दाखला पगार विभागाला दाखवावा लागतो, कारण तो कर पगारातूनच कापतात. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांचा प्रश्न आहे, हिशेब तुमचा तुम्ही करा. प्राप्तिकरातली दिव्यांगांची वजावट मात्र (४० टक्क्यांपासून पुढे ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख, जुनी करपद्धत निवडली तरच) विवरणपत्र भरताना स्वतः घेता येते. ऑफिसला सांगण्याची सक्ती नाही. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आजारपणानंतर रुजू होताना जो 'फिटनेस' लागतो, त्यावर डॉक्टरांकडून निदान लिहून घेऊ नका. काय जमतं आणि काय जमत नाही ते लिहून घ्या. समजा एसटीच्या चालकाची नजर गेली. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०व्या कलमाप्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना दिव्यांग झालेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावं लागतं. हे सगळं व्हायला आगारप्रमुखाला एवढंच कळायला हवं : 'गाडी चालवू शकत नाही, बसून करायचं काम चालेल, रात्रपाळी नको.' मधुमेहाने पडदा गेला की आणखी कशाने, हे वैद्यकीय मंडळाच्या पाकिटात राहू दे. पाकीट बंद करून द्या आणि वर 'गोपनीय' लिहा. मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं २३वं कलम गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच मानतं. साहेबांनी थेट दवाखान्यात फोन करून विचारलं, तर डॉक्टरांनी सांगू नये आणि तुम्हीही 'सांगा हो त्यांना' म्हणू नये.

आस्थापनेला दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावी लागते, हे खरं : नाव, पत्ता, दिव्यांगत्वाचं स्वरूप, कामाचं स्वरूप, दिलेल्या सोयी. ती वही तपासायला अधिकृत माणूस येऊ शकतो. ती कुलुपात आहे की कॅन्टीनशेजारच्या टेबलावर, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे. झेरॉक्स देताना तिच्यावर तिरकं लिहा : कशासाठी, कुणाला, तारीख. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. पेन्शनवाल्यांनी बोटांचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करून ठेवावेत, ठसा द्यायच्या वेळेपुरते उघडावेत. ठशांची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे प्रकार झाले आहेत. यूडीआयडीचा अर्ज सेवा केंद्रातून भरला असेल तर उठण्याआधी त्या मुलाला सांगा, 'डाउनलोडमधलं माझं काढ बरं.' तो काढतो. कुणी सांगतच नाही, म्हणून ते तिथे पडून राहतं. आणि बसमध्ये सवलतीसाठी वाहकाने विचारलं तर कार्ड दाखवा. दवाखान्याची फाइल बघायचा त्याला हक्क नाही.

एवढं करूनही माहिती फुटली तर तोंडी भांडण करू नका. फोटो किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तारीख टिपा. सरकारी कार्यालय असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या २३व्या कलमाखाली तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. तो कोण हे लेखी विचारा आणि तक्रार त्याच्याकडे द्या. आधार क्रमांक फुटला असेल तर १९४७ या क्रमांकावर नोंद करा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करा. त्या अर्जात आजाराचं नाव लिहू नका. 'माझी वैद्यकीय माहिती' एवढं पुरे, कारण तोही अर्ज चार टेबलं फिरणार आहे.