बटण दाबा, आंघोळ करून या!

सकाळचे साडेसहा. जालन्यातलं आमचं घर. अण्णा हॉलमध्ये येतात, कॉम्प्युटरचं बटण दाबतात आणि टॉवेल खांद्यावर टाकून थेट बाथरूममध्ये. आंघोळ, देवपूजा, तुळशीला पाणी, आईच्या हातचा चहा. मग खुर्ची ओढून बसतात. तोवर साहेब जागे झालेले असतात. साहेब म्हणजे कॉम्प्युटर!

दिवाळीत पुण्याहून घरी गेले तेव्हा मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत अकरा मिनिटं. अकरा! मी किंचाळलेच. अण्णा एकदम थंड. म्हणाले, ‘‘चालू व्हायलंय ना? मग?’’

धाकट्या भावाचा फंडा सिंपल. डबा भंगारात, नवा घ्या, ईएमआयवर. पण अण्णांना ते पटेना आणि कारण पैशांचं नव्हतं. अण्णा जिल्हा परिषद शाळेतले रिटायर्ड मास्तर. नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलं आणि तेव्हापासून सगळं टाइप करायची सवय लागली. अंबड तालुक्यात आमची थोडी मोसंबी आहे. कुठल्या वर्षी कुठला बहार धरला, काय फवारलं, काय भाव मिळाला, सगळं त्या डब्यात. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हातांनी झाडं तोडली. त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर कुठल्या ओळीतलं कुठलं झाड जगवलं, याची यादी अण्णांनी वहीतून बघून बघून टाइप केलीय. तीसुद्धा युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या मशीनवर ही फाइल उघडली, की मोसंबीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यामुळे ‘नवीन घेऊ’ म्हटलं की अण्णांच्या कपाळावर आठी.

मग मीच बाह्या सरसावल्या.

आधी आपल्या पिढीच्या अंधश्रद्धांबद्दल. राइट क्लिक, रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. सॉरी दोस्तहो, याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस्स. स्पीडशी संबंध शून्य. प्रीफेच फोल्डर रिकामं करणं हा तर उलटाच उद्योग. 2001 च्या एक्सपीपासून विंडोज तिथे टिपणं ठेवतं, सुरू होताना काय काय लागतं याची. ती पुसली की पुढच्या वेळी गाडी आणखी हळू. आणि ‘एका क्लिकमध्ये पीसी सुपरफास्ट’वाली सॉफ्टवेअर? त्यातली बरीचशी स्वतःच सुरुवातीच्या रांगेत येऊन बसतात!

खरी भानगड त्या रांगेतच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअप नावाचा टॅब आहे. (विंडोज 7 आणि त्याआधी यासाठी एमएसकॉन्फिग होतं.) कॉम्प्युटर उठताक्षणी कोण कोण अंगावर येतं, त्याची यादी तिथे दिसते आणि प्रत्येकाच्या पुढे हाय, मीडियम, लो असा शेराही असतो. आमच्याकडे कोण होतं? भावाचं कॉलेजच्या दिवसांतलं टोरंट. दोन चॅटिंगची ॲप्स. एक गेम. तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या प्रिंटरचा अपडेट शोधणारा एक इमानी नोकर. आणि एकमेकांवर पाळत ठेवणारे दोन अँटिव्हायरस. सगळ्यांवर राइट क्लिक करून डिसेबल. याने प्रोग्राम उडत नाही, फक्त न बोलावता यायचा बंद होतो. अँटिव्हायरस मात्र एक ठेवून दुसरा काढूनच टाकला. साउंडचं किंवा ग्राफिक्सचं काही दिसलं तर हात लावू नका.

पुन्हा मोजलं. आणि हो, मोजताना शट डाउन नाही, रिस्टार्ट करा. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. रिस्टार्टमध्ये सगळं अथपासून सुरू होतं. तर, सात मिनिटं. बरं, पण सही नाही.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटलेला. 2014 मध्ये असेंबल केलेला डबा, आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते आणि एक छोटा हात तिच्यावर इकडून तिकडे धावतो. सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइल्स लागतात, त्या तबकडीभर विखुरलेल्या. प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसतो. पण सात मिनिटं म्हणजे जास्तच झालं. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं. पिवळा रंग. कॉशन.

माझ्या पोटात गोळा आला. डिस्कचे काही भाग खराब होऊन तिने त्यांच्या बदली राखीव जागा वापरायला घेतली होती. म्हणजे साहेब आळशी नव्हते, आजारी होते! आणि त्या टँकरच्या यादीची दुसरी कॉपी? कुठेच नाही. मी स्पीडचं सगळं खूळ बाजूला ठेवलं आणि आधी फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केल्या, फाँटसकट. तीन तास लागले. मधेच लाइट गेली तेव्हा अण्णा पहिल्यांदा घाबरलेले दिसले. महत्त्वाच्या फाइल्सच्या पीडीएफही करून ठेवल्या. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, कुठेही उघडा.

मग 256 जीबीची एसएसडी आणली. त्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. जुन्या डेस्कटॉपच्या केबललाही ती आरामात बसते. विंडोज 10 नव्याने टाकलं. आता तुम्ही म्हणाल, 10 चा सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बरोबर. पण चौथ्या जनरेशनचा हा आय-थ्री विंडोज 11 च्या यादीतच नाही, त्याला आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल लागतो. नाव नोंदवलं तर सिक्युरिटी अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, ते करून टाकलं. त्यानंतर लिनक्स मिंट टाकेन. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

रिझल्ट? बावीस सेकंद! मी अण्णांना हाक मारून दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘यादी दाखव.’’ दाखवली. ओळ तिसरी, झाड सातवं, सगळं जागच्या जागी. मग चष्मा पुसत बसले.

परवा त्यांचा फोन आला. ‘‘अगं, बिघडलं बघ हे. बटण दाबून आंघोळीला गेलो, आलो तर स्क्रीन काळी.’’

वाट बघून बघून झोपलं होतं बिचारं.