‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

शब्दांचा मोंढा

अंघोळीचं पाणी अजून तापत असतं आणि आपण फोनवर सांगतो, ‘निघालो!’ आतून हाक आली की म्हणतो, ‘आलोच.’ रूप भूतकाळाचं, काम भविष्यातलं. निरोप घेताना तर ‘येतो’ म्हणून चालते होतो. ही कसरत जो पोरगा रोज सहज करतो, त्याला हिंगोलीतल्या क्लासात इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता पाठ करायला देतात. तक्ता पाठ होतो. मग साहेब बोलावतात आणि तो ‘येस सर, आय केम’ म्हणून बसतो. त्याचं डोकं कच्चं नाही. ‘आलोच’चं इंग्रजीत काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीनंतरही क्लास लावावाच लागतो.

पॅसिव्ह व्हॉइसचा घोटाळा आणखी खोल आहे. फळ्यावर ‘पॅसिव्ह’पुढे ‘कर्मणी प्रयोग’ लिहितात आणि मोकळे होतात. पण ‘आईनं हळद वाळवली’ हे मराठीत कर्मणीच आहे; क्रियापद हळदीच्या मागे चालतं. आईनं गहू वाळवला, मिरच्या वाळवल्या. इंग्रजीत मात्र हे साधं ॲक्टिव्ह वाक्य. तिथल्या पॅसिव्हचं खरं नातं ‘हळद वाळवली जाते’शी. दहा मिनिटांची गोष्ट, पण ती न सांगता मुलांकडून ‘अ लेटर इज रिटन बाय राम’ घोकून घेतात. हा राम इतकी वर्षं कुणाला पत्रं लिहितोय, देव जाणे.

वसमतची हळद बघा. ती काढली जाते, शिजवली जाते, वाळवली जाते, पॉलिश केली जाते, मोंढ्यात तोलली जाते. कोण करतं ते विचारायचं कारण नाही, काम महत्त्वाचं. पॅसिव्हचा हा सरळ उपयोग. दुसरा सरकारी: ‘कळविण्यात येते’, ‘आढळून आले’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. कोण करणार, ते नोटीस सांगत नाही. कंपनीचा ‘पेमेंट हॅज बीन डिलेड’ हा मेल याच जातीचा. पैसे कुणी अडवले, ते गुलदस्त्यात. आमच्या पोरांनी असली वाक्यं तहसीलच्या भिंतीवर लहानपणापासून वाचलीत.

आणि काळच शिकवायचे तर औंढा नागनाथ तालुक्यातलं दुधाळा गाव पुरेसं आहे. तिथल्या लायगो या वेधशाळेच्या प्रकल्पाला 2016 मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली गेली: ‘वॉज’. जमीन घेतली गेली आहे: ‘हॅज बीन’. वेधशाळा उभारली जाईल: ‘विल बी’. 2023 मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या 2,600 कोटींचं वाक्य पोरांनी स्वतः करावं.

इंग्रजी परकी खरी, पण परक्या भाषेत काम करणं मराठवाड्याला नवं नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता. 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच. नोकरी हवी असणाऱ्यांनी ती भाषा शिकून घेतली.

कामाच्या ठिकाणचे शब्द म्हणून क्लासात ‘बोर्डरूम’ आणि ‘स्टेकहोल्डर’ शिकवतात. पण मोंढ्यातल्या आडत्याच्या पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई, कपात आणि हाती आलेली रक्कम असं सगळं असतं. क्लासवाल्या सरांनो, पुढच्या तुकडीला काळांचा तक्ता वाटण्याआधी अशी एक पट्टी इंग्रजीत करायला द्या.

– कयाधूकर