सूचीतले कांबळे कोणते?

नामांतर लढ्यावरची पुस्तके नांदेड-लातूरचे कार्यकर्ते पदरमोड करून काढतात, आणि शेवटची नामसूची मात्र 'पाने वाढतात' म्हणून गाळतात. मग ज्याला एकच नाव शोधायचे आहे, तो पुस्तक मिटून ठेवतो.

केलेली सूचीही बिघडते. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर संगणकाला मराठी वाटतच नाही. तो नावे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावतो. युनिकोडमध्येही 'क्ष' सरळ 'क'खाली जातो, 'ळ' 'ल'ला चिकटतो. 'मराठवाडा' शोधले तर 'मराठवाड्यात' सापडत नाही. हे डोळ्यांनीच तपासावे लागते, तेही पाने पक्की झाल्यावर.

पण खरा घोटाळा आडनावांचा. नुसत्या 'कांबळे'पुढे वीस पानांचे आकडे टाकले, की १९७८ साली टेंभुर्णीत मारले गेलेले पोचीराम कांबळे त्यात हरवतात. 'वाघमारे, गौतम (नांदेड, १९९३)' अशी पूर्ण नोंद हवी. गावांचेही तेच. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. १९७८ च्या कागदांत ती गावे उस्मानाबादखाली, म्हणजे आजच्या धाराशिवखाली. तिथे 'लातूरही पाहा' लिहा.

डीटीपीवाल्याला हे कसे ठाऊक असणार? लेखकानेच बसावे. पाने कमी पडत असतील तर मान्यवरांचे शुभसंदेश गाळा.