ठेव कुणाची, व्याज कुणाचं?

‘प्रथिनांचा प्रश्न सुटला’ हे वाक्य आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी इतकं रुळलंय की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरतो. अल्फाफोल्ड झटपट प्रथिनाची रचना सांगतं, २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्याच्या कर्त्यांकडे गेलं. मग एकेका एन्झाइमपायी प्रयोगशाळेत आयुष्य कशाला घालवायचं, असा सवाल येतो. मीही कोड लिहूनच पोट भरतो, म्हणून घरच्यांनाच सुनावतो: हा सवाल कृतघ्न आहे आणि चुकीचाही.

लुईझ जॉन्सन यांचं उदाहरण घ्या. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने लायसोझाइमची रचना क्ष-किरणांनी उलगडली. असं उलगडलेलं हे पहिलं एन्झाइम; आपल्या अश्रूंत असतं, जिवाणूंची भिंत फोडतं. त्याच्या खाचेत रेणू नेमके कुठे बसतात, हे शोधलं तेव्हा पीएचडी करणाऱ्या जॉन्सन यांनी. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज हाती घेतलं: स्नायूंतला साखरेचा साठा मोडणारं, ८४२ अमिनो आम्लांच्या साखळीचं धूड. काम सुरू झालं १९७०च्या दशकात. ते निष्क्रिय रूपातून सक्रिय रूपात कसं वळतं, हे चित्र छापून आलं १९८९मध्ये. मधल्या काळात स्फटिकाच्या आतच अभिक्रिया घडवून ती सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांनी टिपण्याचा खटाटोपही झाला.

आता हिशेब. अल्फाफोल्ड शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवर. १९७१मध्ये ही बँक उघडली तेव्हा खात्यात ७ रचना होत्या. बाकीची भर स्फटिक वाढवत बसणाऱ्या अशाच माणसांनी घातली आणि सगळ्यांना खुली ठेवली. आमची करामत मोठीच, पण ती या ठेवीवरचं व्याज आहे.

शिवाय रचना कळली म्हणजे काम कळलं असं नाही. फॉस्फोरिलेजला एका टोकाशी फॉस्फेट चिकटतं आणि त्याचा परिणाम दूरच्या सक्रिय जागेपर्यंत पोचतो. ही हालचाल एका स्थिरचित्रात मावत नाही. अल्फाफोल्ड सहसा एकच रूप पुढे करतं. कुठल्या रूपातून कुठल्या रूपात, किती वेगाने, हे विचारलं की पुन्हा प्रयोगशाळेचंच दार ठोठवावं लागतं.

म्हणून जीवरसायनशास्त्राकडे वळणाऱ्या मुलामुलींना ‘ते आता संगणक करतो’ असं सांगणं बंद करा. उद्याच्या मॉडेलला जे शिकवायचं, ते आज कुणीतरी मोजायला हवं. ते मोजणं थांबलं, तर आमची यंत्रं जुनाच धडा घोकत बसतील.